सेवापुस्तकात नसलेली वर्षे

माणसाच्या नोकरीचा आणि म्हातारपणाचा हिशेब ठेवणारी कार्यालये वांद्रे पूर्वेला जितकी दाटीने आहेत, तितकी मुंबईत क्वचितच कुठे असतील. भविष्य निधी भवन इथे आहे. शासकीय वसाहतीतल्या प्रशासकीय इमारतीत मुंबई उपनगरचे जिल्हाधिकारी कार्यालय आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे आणि कुटुंब न्यायालयही. एका कार्यालयात पेन्शनचा अर्ज जातो. दुसऱ्या यंत्रणेकडे म्हातारे आईवडील मुलांविरुद्ध निर्वाहाची तक्रार घेऊन जातात. तिसरीकडे मालक-कामगारांचे तंटे चालतात. मात्र पन्नाशी उलटलेल्या एखाद्या बाईने किंवा पुरुषाने आजारी आईसाठी, सासूसाठी, नवऱ्यासाठी नोकरी सोडली, तर ते कारण नोंदवायला यांपैकी कुठल्याही दप्तरात रकाना नाही. भविष्य निधीच्या नोंदीत नोकरी संपण्याची कारणे ठरलेली आहेत: निवृत्ती, मृत्यू, कायमचे अपंगत्व, सेवा खंडित होणे. राजीनाम्यात बहुतेक जण ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिहितात.

देशाची रोजगार पाहणीही याहून वेगळे सांगत नाही. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याचा क्रमांक 94. फक्त घरकाम करणारीचा क्रमांक 92. तीस वर्षे खात्यात काढून सासूबाईंच्या पक्षाघातानंतर घरी बसलेली बाई पेन्शन मिळाली तर 94 मध्ये जाते, नाही मिळाली तर 92 मध्ये. नोकरी सुटली कशामुळे, ते या आकड्यांवरून कोणालाही कळणार नाही.

या प्रकरणात त्याच न लिहिलेल्या कारणाचा माग काढायचा आहे. माझे म्हणणे असे की घरच्या शुश्रूषेने नोकरी सहसा एका दिवसात सुटत नाही. ती आधी आतून झिजते, रजेत, पदोन्नतीत, पगारात. आणि हे नेमके त्या वर्षांत घडते, ज्या वर्षांवर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचे उत्पन्न ठरायचे असते.

आधी वयाची जुळणी पाहू. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय आजही 58 आहे, चतुर्थ श्रेणीसाठी 60. केंद्राने ते सर्वांसाठी 1998 साली 60 केले. पंचावन्न वर्षांच्या कर्मचाऱ्याची आई साधारण अठ्ठ्याहत्तर ते ब्याऐंशीची असते. बाथरूममध्ये घसरून खुब्याचे हाड मोडण्याचे, झटका येण्याचे, विसरायला होऊ लागण्याचे हे वय. भारतात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. वय वाढते तसे हे प्रमाण झपाट्याने चढते. थोडक्यात, मुलांची नोकरीची शेवटची पाच वर्षे आणि आईवडिलांची सर्वांत परावलंबी पाच वर्षे एकाच कॅलेंडरवर येतात.

महाराष्ट्रात या जुळणीला एक खास संदर्भ आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 1994 साली राज्याने देशातले पहिले महिला धोरण आणले आणि शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी 30 टक्के जागा राखून ठेवल्या. त्यानंतरच्या दहा वर्षांत मंत्रालयात, तहसील कार्यालयांत, विक्रीकर खात्यात, जिल्हा परिषदांत लिपिक, टंकलेखक, निरीक्षक म्हणून मोठ्या संख्येने मुली लागल्या. त्यांच्या आयांपैकी बहुतेकींनी घराबाहेरची नोकरी केलेली नव्हती. त्यांतल्या बऱ्याच जणी आज पन्नास ते अठ्ठावन्नच्या आहेत. कक्ष अधिकारी, अव्वल कारकून, नायब तहसीलदार अशा पदांवर त्या पोचल्या आहेत आणि वरची पदोन्नती दारात आहे. मुलांची शाळा-कॉलेजे संपली, आता जरा मोकळेपणाने काम करू, असे वाटण्याच्या सुमाराला घरात दुसरा पलंग येतो, त्याला कठडे लागतात आणि प्रश्न निघतो, ‘दिवसभर यांचं करणार कोण?’ एका पूर्ण पिढीच्या स्त्रियांची वरच्या पदांवरची पहिली संधी या प्रश्नापाशी अडते. धोरणाने त्यांना आत आणले, पण शेवटच्या जिन्याचा विचार त्यात नव्हता.

वांद्र्याच्या शासकीय वसाहतीत ही अडचण आणखी घट्ट होते. साठ-सत्तरच्या दशकांत वसलेल्या या वसाहतीत राज्य शासनाचे कर्मचारी सेवानिवासस्थानात राहतात. घर नोकरीला बांधलेले. निवृत्त झाले, मग ती निवृत्ती नियत असो वा स्वेच्छेची, की ठरावीक मुदतीत घर रिकामे करावे लागते. आता उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलासाठी तिथली जागा गेली असल्याने जुन्या इमारती रिकाम्या होत आहेत, हे वेगळेच. आई ज्या पलंगावर झोपून आहे तो पलंगच सरकारी घरात असेल, तर तिच्यासाठी नोकरी सोडणे म्हणजे तिलाही त्या घरातून काढणे. सोडता येत नाही आणि धड करताही येत नाही, अशा अवस्थेत माणसे तीन-चार वर्षे काढतात. सकाळी सहाला नळीतून भरवायचे, अंग पुसायचे, डायपर बदलायचा, आयाबाई आली की स्टेशन गाठायचे. दुपारी मंत्रालयातून फोनवर औषधाची वेळ सांगायची. आयाबाई आली नाही तर त्या दिवसाची रजा.

ही रजा म्हणजे नेमके काय खर्च होते, ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम 1981 नुसार कर्मचाऱ्याच्या खात्यावर वर्षाला 30 दिवसांची अर्जित रजा जमा होते, जानेवारीत पंधरा आणि जुलैत पंधरा. न वापरलेली रजा 300 दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या दिवशी तिचे रोखीकरण होते. तीनशे दिवस शिल्लक म्हणजे दहा महिन्यांचा पगार एकरकमी. मुंबईत ज्याला स्वतःचे घर घ्यायचे आहे किंवा गावाकडचे घर दुरुस्त करायचे आहे, त्याच्यासाठी ही रक्कम मोठा आधार असते. खाते भरलेले असेल, तर वर्षाच्या नव्या तीस दिवसांपर्यंत वापर फारसा जाणवत नाही, ते दिवस नाहीतरी वाया गेले असते. त्यापुढचा प्रत्येक दिवस मात्र निवृत्तीच्या गंगाजळीतून जातो. अर्जित संपली की अर्धवेतनी, ती संपली की असाधारण, म्हणजे बिनपगारी. परिवर्तित रजा मिळते, पण ती स्वतःच्या आजारपणासाठी, स्वतःच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर. आईच्या आजारासाठी म्हणून वेगळी रजा नियमांत नाही.

मुलांसाठी ती आहे. राज्याने 2018 मध्ये महिला कर्मचाऱ्यांसाठी 180 दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली. पत्नी हयात नसलेल्या किंवा पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पुरुषांनाही ती मिळते. मूल अठरा वर्षांचे झाले की हा हक्क संपतो. पन्नाशीतल्या बहुतेकींच्या बाबतीत तो संपून गेलेला असतो, आणि संपतो तेव्हाच घरातल्या म्हाताऱ्या माणसांची गरज सुरू झालेली असते.

दुसरी झीज पदोन्नतीत. बढती बहुधा बदलीसह येते. पुण्याला, नागपूरला, निदान पालघरला तरी जावे लागते. झोपून असलेली सासू घेऊन कोणी नव्या गावी जात नाही. मग ‘कौटुंबिक अडचणीमुळे पदोन्नती नाकारत आहे’ असा अर्ज जातो. नकार दिला की निवडसूचीतून बाहेर पडावे लागते आणि आश्वासित प्रगती योजनेच्या लाभावरही त्याचा परिणाम होतो. आता याचा पुढचा हिशेब करा. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन आहे, आणि ती शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी असते. पदोन्नती नाकारल्याने शेवटचे मूळ वेतन पाच हजारांनी कमी राहिले, तर पेन्शन दरमहा अडीच हजारांनी कमी, त्यावरचा महागाई भत्ता कमी, मागे राहणाऱ्या जोडीदाराचे कुटुंब निवृत्तिवेतनही कमी. तीन वर्षांच्या शुश्रूषेची किंमत माणूस मरेपर्यंत, आणि त्याच्यानंतरही, हप्त्याहप्त्याने चुकती होत राहते.

तरीही शासकीय कर्मचारी सुरक्षित म्हणायचा. वीस वर्षांच्या सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन तो पेन्शनसह स्वेच्छानिवृत्ती घेऊ शकतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतींत किंवा लिंकिंग रोडच्या दुकानांच्या हिशेबखात्यात काम करणाऱ्यांची स्थिती भविष्य निधी भवनात कळते. कर्मचारी पेन्शन योजना 1995 चे सूत्र सोपे आहे. पेन्शनयोग्य वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. वेतनाची मर्यादा 15 हजार. समजा एखादी बाई बावन्नाव्या वर्षी, 22 वर्षांच्या सेवेनंतर, वडिलांसाठी नोकरी सोडते. अधिकची वर्षे वगैरे सवलती बाजूला ठेवल्या तर तिचे मूळ पेन्शन महिना 4,714 रुपये. ते अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पूर्ण मिळेल. आताच हवे असेल तर दर वर्षामागे चार टक्के कपात सोसून साडेतीन ते पावणेचार हजारांच्या आसपास मिळेल. तीच बाई अठ्ठावन्नपर्यंत टिकली असती, तर 28 वर्षांचे 6,000 झाले असते. सुमारे तेराशेंचा फरक ऐकायला लहान वाटतो, पण या पेन्शनला महागाई भत्ता नाही. सत्तराव्या वर्षीही हाच आकडा राहणार. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात, तिथेही सहा वर्षे गेली. आणि भविष्य निधीच्या शिलकीवर याच सहा वर्षांत सर्वांत जास्त व्याज चढायचे असते, कारण रक्कम तेव्हाच सर्वांत मोठी असते. वडिलांच्या ऑपरेशनसाठी आगाऊ रक्कम काढली असेल तर तीही नाही. मुंबईत दवाखान्याचे बिल आले की पीएफला हात घालणे हा मध्यमवर्गाचा पहिला मार्ग असतो, त्यामुळे हे ‘असेल तर’ बहुतेक घरांत ‘आहेच’ असते.

इथे एक खरा प्रश्न उभा राहतो, आणि संशोधकांनी त्यावर बरीच मेहनत घेतली आहे. शुश्रूषेमुळे नोकरी सुटते, की ज्यांची नोकरी नाहीतरी सुटत आलेली असते त्यांच्याकडेच शुश्रूषा येते? भावंडांच्या बैठकीत काय होते ते आठवा. ‘तुझी तर दोनच वर्षं राहिलीत, ताई. माझं प्रोजेक्ट आत्ताच सुरू झालंय.’ ज्याचा पगार कमी, ज्याचे घर जवळ, जिचे लग्न झालेले नाही, त्याच्या किंवा तिच्या वाट्याला काम येते. म्हणजे शुश्रूषा करणारे कमी कमावतात एवढे दाखवून कारण सिद्ध होत नाही. हा पेच सोडवायचा तर नोकरीशी संबंध नसलेल्या गोष्टी धरून पाहावे लागते, उदाहरणार्थ आईची तब्येत अचानक ढासळणे किंवा घरात किती बहिणी आहेत. आई पडली ती मुलीचा पगार पाहून पडली नाही, एवढे नक्की.

अमेरिकेत पन्नाशीपुढच्या माणसांची वर्षानुवर्षे पाहणी चालते. तिच्या आधारे व्हॅन हाउटवेन, को आणि स्किरा यांनी 2013 मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला. शुश्रूषा करणाऱ्या आणि तरीही नोकरी टिकवणाऱ्या स्त्रियांचे काम आठवड्याला तीन ते दहा तासांनी घटते आणि त्यांची मजुरी शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी कमी असते, असे त्यांना आढळले. अंगाची सेवा करणाऱ्या पुरुषांत नोकरीत असण्याची शक्यता 2.4 टक्केबिंदूंनी कमी होती. नोकरीत राहिलेल्या पुरुषांच्या तासांवर फारसा परिणाम दिसला नाही. पुरुष करतो तेव्हा एक तर बाहेर पडतो, नाहीतर पूर्ववत राहतो. स्त्री मधल्या मधे झिजते.

आपल्याकडे हे चित्र याहून कठोर असावे असे मला वाटते. अमेरिकेत तास कमी करता येतात, अर्धवेळ काम मिळते. मंत्रालयात अर्धवेळ कक्ष अधिकारी नसतो आणि संकुलातल्या बँकेत चार तासांची व्यवस्थापक नसते. तास कापता येत नाहीत म्हणून रजा कापली जाते, रजा संपली की माणूसच बाहेर पडतो. 2019 च्या नोव्हेंबरात एमटीएनएल आणि बीएसएनएलच्या पन्नाशीपुढच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती आली, तेव्हा सुमारे 92,700 जणांनी ती घेतली. अशा योजनेत पैसे आणि पगाराची अनिश्चितता ही मोठी कारणे असतातच. पण घरात कोणी अंथरुणावर असेल, तर तराजू कोणत्या बाजूला कलेल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

भारताकडे या प्रश्नाला भिडण्याचे साधन आता आहे, आणि ते वांद्र्याहून फार लांब नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये पंचेचाळिशीपुढच्या 72 हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. अमेरिकेतल्या पाहणीच्याच धर्तीवर ती आखली होती. त्याच माणसांना पुन्हा पुन्हा गाठून विचारले, तर आई आजारी पडण्याआधी कोण काय कमवत होते आणि नंतर काय झाले, हे ताडून पाहता येईल. एकदाच काढलेल्या छायाचित्रावरून ते कळत नाही.

वेळेच्या वापराचे राष्ट्रीय सर्वेक्षण तोवर थोडे सांगते. 2024 च्या पाहणीत 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्यात दिवसाचा काही वेळ देत होत्या, पुरुष 21.4 टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला वेळ 140 मिनिटे, पुरुषांचा 74. यात बराचसा वाटा लहान मुलांचा आहे. शिवाय रोजनिशीत भरवण्याची, आंघोळीची मिनिटे येतात. रात्री दोनला बाबा दार उघडून बाहेर जातील म्हणून जागे राहणे आणि त्या झोपमोडीने दुसऱ्या दिवशी फायलीत चूक होणे, हे कुठल्या मिनिटांत धरायचे?

मग बाई ठेवा, असे सगळे सांगतात. भारत नगर, बेहरामपाड्यातून रोज सकाळी बायका पश्चिमेच्या इमारतींत आणि वसाहतींत दिवसपाळी-रात्रपाळीला निघतात. त्यांच्यातल्या अनेकजणी स्वतः पन्नाशीच्या आहेत आणि त्यांच्या खोलीतही कोणी आजारी आहे. कक्ष अधिकारी बाईंची नोकरी आयाबाईच्या हजेरीवर टिकते, आयाबाईची तिच्या शेजारणीच्या किंवा सुनेच्या भरवशावर. या साखळीत खालच्या कडीला ना रजा, ना पेन्शन. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, आणि त्याखाली नोंदणी झालेल्या पंचावन्न वर्षांपुढच्या कामगारांना एकदाच दहा हजार रुपयांचे सन्मानधन देण्याची योजना आहे. तिच्या निवृत्तीची तरतूद म्हणून दाखवण्यासारखे एवढेच. या बायकांना वगळून केलेली शुश्रूषेची कोणतीही चर्चा अर्धीच राहते.

वांद्र्याच्या पश्चिमेला, माउंट मेरीच्या टेकडीवर, 1986 पासून शांती आवेदना सदन आहे. बरे न होणाऱ्या कर्करुग्णांची शेवटच्या काळात विनामूल्य काळजी घेणारी ही देशातली पहिली संस्था. अशा ठिकाणी रोगी चार आठवडे राहिला, तर घरातल्या एका माणसाची नोकरी वाचू शकते. ही बाजू आपण अशा संस्थांच्या खात्यात कधी लिहीत नाही. पक्षाघाताच्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या रोग्याला मात्र असे दार फारच क्वचित उघडते. तो आठ-दहा वर्षे घरीच असतो.

कायद्याने आजवर मुलांना कर्तव्य सांगितले, वेळ दिला नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मागता येतो. आसामने 2017 मध्ये आईवडिलांची आबाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून दहा टक्के कापण्याचा कायदा केला. लातूर जिल्हा परिषदेने तर तीस टक्के कपातीचा ठराव केला आणि काही जणांचे पगार कापलेही. आबाळ करणाऱ्याला शिक्षा हवीच. पण जी मुलगी आबाळ होऊ नये म्हणून बिनपगारी रजेवर आहे, तिचा पगार तर आधीच शंभर टक्के कापलेला आहे. आसामने निदान आईवडिलांसोबत घालवायला वर्षातून दोन दिवसांची खास रजा तरी दिली. केंद्राने 2025 च्या जुलैत राज्यसभेत सांगितले की कर्मचारी आपली अर्जित, अर्धवेतनी, किरकोळ रजा आईवडिलांच्या काळजीसाठीही घेऊ शकतात. अनेक ठिकाणी ती नवी रजा म्हणून छापून आली. ती जुनीच होती.

जपानमध्ये शुश्रूषेसाठी नोकरी सोडणाऱ्यांची सरकारी पाहणीतच मोजदाद होते. तिथे दरवर्षी सुमारे एक लाख माणसे अशी बाहेर पडतात. आकडा समोर होता म्हणूनच पंतप्रधान शिंजो आबे यांना 2015 मध्ये तो शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर करावे लागले. तिथे आजारी नातेवाइकामागे 93 दिवसांची रजा तीन तुकड्यांत घेता येते आणि त्या काळात पगाराच्या 67 टक्के रक्कम रोजगार विम्यातून मिळते. 93 दिवस रोग्याचे सगळे करण्यासाठी नाहीतच. सोय लावण्यासाठी, माणूस शोधण्यासाठी, घर बदलण्यासाठी ते आहेत. आपल्या रजा नियमांत एवढी एक दुरुस्ती झाली, बालसंगोपन रजेच्या शेजारी ज्येष्ठसंगोपनाचे नव्वद दिवस पुरुष आणि स्त्री दोघांनाही मिळाले आणि ते त्या तीनशे दिवसांतून वजा झाले नाहीत, तर वसाहतीतल्या कित्येक घरांत पदोन्नतीचा नकार लिहिला जाणार नाही. पुरुषांना ती मिळणे फार गरजेचे आहे. नाहीतर रजा मिळते म्हणून करायचेही बाईनेच, असे होईल.

जर्मनी आणखी पुढे गेली. तिथे 1995 च्या शुश्रूषा विम्यातून, घरी सेवा करणाऱ्या माणसाच्या पेन्शन खात्यात विमा निधीच वर्गणी भरतो. सेवेचे ते वर्ष पेन्शनच्या हिशेबात कोरे राहत नाही. हाच नियम वर सांगितलेल्या बावन्न वर्षांच्या बाईला लावून पाहा. वडिलांच्या सहा वर्षांची वर्गणी कोणी भरली असती, तर भविष्य निधी भवनातल्या सूत्रात 22 च्या जागी 28 आले असते, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या बँक खात्यात 4,714 च्या जागी 6,000 रुपये जमा होऊ लागले असते.